तीन एकर माळ

२०२४ च्या श्रावणात आपल्या शाळेची आठवीची मुले आमच्या माळावर आली होती. बांबूच्या चार काठ्या बांधून केलेला एक मीटरचा चौकोन गवतावर टाकायचा आणि त्याच्या आत काय काय उगवले आहे ते मोजून वहीत लिहायचे, असा सरांनी कार्यक्रम आखला होता. मोजणी झाली, चिरमुरे-शेंगदाणे वाटून झाले, आणि एका मुलीने विचारले, "काका, गवत तर आपोआप येतं की. मग तुम्ही त्याच्यासाठी एवढी मेहनत का घेता?"

सगळी हसली. मीही हसलो आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. कारण २०२० सालापर्यंत माझेही मत तेच होते. आपोआप येते, म्हणजे त्याला काही किंमत नाही. वार्तापत्रासाठी चार ओळी द्या असे सरांनी सांगितले तेव्हा त्या मुलीचे राहिलेले उत्तरच लिहून काढावे असे ठरवले. लिहिण्याची सवय नाही. सातवीनंतर (१९७४ ची आमची तुकडी) निबंध म्हणून काही लिहिलेले नाही, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आमचा माळ बेळगावच्या दक्षिणेला, समोर राजहंसगड दिसतो अशा उतारावर आहे. खाली काळ्या रानाचे शिवार, तिथे पावसाळ्यात भात आणि भात निघाले की मसूर. वर तांबडी मुरमाड जमीन, वीतभर माती, तिच्याखाली दगड. या वरच्या तीन एकरांत आमच्या आजोबांपासून गवताशिवाय काही घेतलेले नाही. मृगाचा पाऊस पडला की आबा माळाच्या वाटेवर काट्याच्या फांद्या टाकून वाट बंद करायचे. त्याला 'माळ राखणे' म्हणत. दसरा होईपर्यंत आत जनावर जायचे नाही, स्वतःचेसुद्धा नाही. दसऱ्यानंतर घरची आणि भाऊबंदांची दहा-बारा माणसे विळे घेऊन चढायची. कापलेले गवत दोन-तीन दिवस उन्हात पडायचे, मग पेंढ्या बांधायच्या, गवताच्याच पिळाने. आठ-नऊ गाड्या गवत निघे. चार बैल आणि दोन म्हशी त्यावर वर्ष काढत आणि उरलेले शेकड्याच्या भावाने शहरातल्या गवळ्यांना जाई. माझी पाटी-पुस्तके त्याच पैशांतून आली.

आबांच्या मागे माळ आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सांभाळला. मी उद्यमबागेत फौंड्रीत होतो. रविवारी माळावर गेलो तरी पाहुण्यासारखा. २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि आता शेतीत लक्ष घालायचे असे मनाशी ठरवून आलो. निवृत्त माणूस घरच्यांना किती धोकादायक असतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बेळगावात पूर आला हे सगळ्यांना आठवत असेलच. पुढे ऑक्टोबरमध्येही पाऊस थांबला नाही. आण्णांनी रिवाजाप्रमाणे दसऱ्यानंतर कापणी घातली आणि कापलेल्या गवतावर पाऊस पडला. दोन दिवस ऊन, पुन्हा पाऊस. शेवटी अर्धवट वाळलेले गवत घाईने गंजीला लावले. आठवडाभराने गंजीत हात घातला तर आत चूल पेटल्यासारखी ऊब. ओले गवत दाबून रचले की त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, त्यांची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती फार वाढली तर गंजी आपोआप पेटतेसुद्धा. आम्ही ती उपसून पसरली म्हणून वाचली. पण गवत काळे पडले होते, वास मारत होते. सहा गाड्यांपैकी चार गाड्या उकिरड्यावर गेल्या. बैलांनी तोंड लावले नाही.

त्या नुकसानीनंतर मी आण्णांना म्हणालो, "हे गवत ठेवण्यात अर्थ नाही. नांगरून टाकू आणि चाऱ्याची संकरित ज्वारी करू. एका कापणीत दुप्पट निघेल." बियाण्याच्या दुकानात तसे ऐकून आलो होतो.

आण्णा म्हणाले, "माळाला नांगर लावत नसतात."

"का?"

"आबांनी लावला नाही."

हे काही कारण झाले नाही, असे मला वाटले. फौंड्रीत कुणी असे उत्तर दिले असते तर आम्ही त्याला बाजूला बसवले असते. वाटणीत माळ माझ्या नावावर आला होता. २०२० च्या मे महिन्यात मी ट्रॅक्टर बोलावला. नांगर दगडांवर खडखडत गेला, गवताची जुनी ठोंबे मुळांसकट उलटी झाली, वर रोटाव्हेटर फिरवला, आणि संध्याकाळी तीन एकर तांबडी सपाट माती बघून मला फार समाधान वाटले. आण्णा बांधापर्यंत आले, उभे राहिले, काही न बोलता परत गेले. त्या दिवसापासून त्यांनी माळावर येणे सोडले. घरी बोलत, सणावाराला जेवायला बसत, पण माळाचा विषय निघाला की उठत.

ज्वारी उगवली चांगली. मग जूनअखेरीस जोराचा पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. उतारावरची मोकळी माती धरून ठेवायला काहीच नव्हते. सकाळी गेलो तर माळावर बोटभर खोल घळी पडलेल्या आणि ती सगळी माती आण्णांच्या भाताच्या खाचरात जाऊन बसलेली. रोपांवर तांबडा गाळ. ज्या माणसाने नांगर लावू नको म्हटले होते त्याच्याच रानात माझी माती. वहिनी तेवढे म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी तरी बघून करा." आण्णा काहीच म्हणाले नाहीत, तेच जास्त लागले.

वर राहिली ती ज्वारी पिवळी पडून गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. मोकळ्या जागेत गाजर गवत आले, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो. त्याला तर उकरलेली, उघडी जमीन फारच मानवते. जनावर त्याला तोंड लावत नाही आणि उपटायला गेले तर अंगाला खाज सुटते. त्या वर्षी माळातून एक गाडीही चारा निघाला नाही. दिवाळीत मी भाताचे पिंजर विकत घेतले.

येथे शाळेची एक आठवण सांगायला हवी. सहावीत असताना विज्ञानाच्या सरांनी आम्हाला शिवारातून मसुराची रोपे मुळासकट उपटून आणायला सांगितले होते. मुळांवरच्या गाठी नखाने फोडायला लावल्या. आतून गुलाबी निघाल्या. सर म्हणाले, गुलाबी गाठ म्हणजे कारखाना चालू आहे. हवेतला नत्र जमिनीत येतो आहे. म्हणूनच भाताच्या पाठोपाठ मसूर. आम्ही पाठ करून टाकले आणि विसरलो. २०२० च्या त्या दिवाळीत खालच्या शिवारात मसुराची हिरवी रांगोळी आणि वर माझा बोडका माळ, हे एकाच नजरेत दिसत होते, तेव्हा ते आठवले. खाली आपले वाडवडील जमीन एक दिवस उघडी ठेवत नाहीत. भात निघाले की मसूर, वाटाणा, हरभरा. घेतात तसे काहीतरी परत देतात. आणि माळावरून मात्र तीन पिढ्या आम्ही नुसत्या गाड्या भरून खाली आणल्या. वर काय नेले? काही नाही. उलट फेब्रुवारीत राहिलेली खुंटे पेटवून द्यायची पद्धत होती, म्हणजे उरलेसुरले तेही धुरात. म्हणजे माझ्या नांगराआधीही माळ हळूहळू खंगतच होता. आबांच्या वेळच्या आठ-नऊ गाड्यांच्या सहा झाल्या होत्या त्या काही एका पावसाने नव्हे.

धारवाडला चारा संशोधनाचे केंद्र आहे. झाशीला १९६२ साली सुरू झालेल्या गवत व चारा संशोधन संस्थेची ती दक्षिणेकडची शाखा. २०२१ च्या जानेवारीत मी तिथे गेलो. जाताना पिशवीत माळावरची माती आणि शेजारच्या न नांगरलेल्या माळावरची चार-पाच प्रकारची गवते नेली होती. तिथे कळले की मी ज्याला 'गवत' असा एक शब्द वापरत होतो त्यात सरदार, शिपाई आणि चोर असे सगळे होते. दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ रानांवर पुस्तक लिहिले. त्यात देशातल्या गवतांचे पाच मोठे प्रकार पाडले आहेत आणि आपल्या दख्खनच्या प्रकाराला नाव दिले आहे ते शेडा आणि मारवेल या दोन गवतांचे. म्हणजे ज्याला मी नांगराखाली घातले ते या भूमीचे मूळ रहिवासी होते.

मुलांनो, मारवेल ओळखायची खूण तुम्हाला त्या दिवशी दाखवली होती. कांड्यावर पांढऱ्या केसांचे कडे असते, जणू वाळा घातला आहे. ते बांधावर, थोड्या खोल मातीत खूष असते. मुरमाड उतारावर डोंगरी आणि पवन्या. आणि कुसळी म्हणजे जिची काळी पिळाची कुसळे तुमच्या मोज्यांत अडकली ती. कुसळ ओले झाले की पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा वळतो, आणि असे वळवळत बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. फुलोऱ्याआधी कुसळी जनावर खाते, कुसळे आल्यावर तीच तोंडात टोचते. दरवर्षी आग लावली आणि जनावरे सारखी चारली की चांगली गवते मागे पडतात आणि कुसळी वाढते. आमच्या माळावर शेवटी शेवटी तीच जास्त झाली होती, आणि आम्ही म्हणत होतो की हल्लीच्या बैलांना चोखंदळपणा आला आहे.

पुढची तीन वर्षे काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात मेहनतच जास्त आहे, गोष्ट कमी. २०२१ च्या मृगात घळी पडलेल्या पट्ट्यात उताराला आडवा ताग पेरला. नांगर नाही, नुसत्या कुदळीच्या रेघा. ताग पंचेचाळीस दिवसांनी फुलावर आला तेव्हा कापून जागच्या जागी अंथरला, गाडला नाही. गाडायला माती उकरावी लागते आणि उकरण्याची मला धास्ती बसली होती. त्या अंथरुणातून श्रावणअखेर हुलगे टोकले. हुलगा हे गरिबाचे कडधान्य, नुसत्या दवावर वाढते आणि जमीन चादरीसारखी झाकते. त्याच्याखाली काँग्रेसला डोके वर काढायला जागा उरली नाही. जे आले ते फुलण्याआधी हाताने उपटले, हातमोजे घालून.

गवताचे बी शेजारच्या माळावरून गोळा केले. ताजे बी लगेच उगवत नाही, ते काही महिने झोपलेले असते, म्हणून पोत्यात भरून माळ्यावर ठेवले आणि २०२२ च्या पावसाआधी शेण, माती आणि थोडी वाळू यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. गवताचे बी इतके हलके की नुसते फेकले तर वाऱ्याबरोबर गावात जाईल. गोळ्या करायला आमच्या आळीतल्या बायका बसल्या होत्या. एक मावशी म्हणाल्या, "जन्मभर गवत कापलं, गवताचे लाडू पहिल्यांदा वळले." बांधाकडेला मारवेलची ठोंबे लावली. गवताच्या दर दोन ओळींआड स्टायलोची एक ओळ.

स्टायलो हे मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले, द्विदल चाऱ्याचे झुडूप. मसुराप्रमाणे त्याच्याही मुळांवर गाठी येतात. बी कठीण कवचाचे, म्हणून पेरण्यापूर्वी काही मिनिटे कढत पाण्यात बुडवावे लागते, उकळत्या नव्हे. पहिल्या खेपेला मी उकळत्या पाण्यात टाकले आणि एक किलो बियांची उसळ झाली. पावसाळ्यात हिरवे असताना जनावरे त्याच्याकडे बघत नाहीत, मलाही वाटले पुन्हा फसलो. पण पावसानंतर गवत कडक व्हायला लागले की तेच निवडून खातात. त्यालाही मर्यादेत ठेवावे लागते, नाहीतर ते गवताच्या डोक्यावर बसते.

आता कापणीबद्दल, कारण माझ्या मते खरी चूक तिथेच होती आणि ती नांगराच्याही आधीची. आपण दसऱ्यानंतर कापतो तेव्हा गवत सोनेरी दिसते, पण त्यातले सत्त्व बियांत जाऊन बी गळून गेलेले असते. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात सहा ते आठ टक्के प्रथिने असतात, पूर्ण पिकलेल्यात तीन-चार. जनावराच्या पोटातल्या जंतूंना चारा पचवायला साधारण सात टक्के तरी लागतात. त्याहून कमी असले की जनावर खातेच कमी. म्हणजे गव्हाण भरलेली आणि बैल खंगलेला. आण्णांना हे सांगायची माझी हिंमत नव्हती. सांगितले असते तर त्यांनी विचारले असते की भाद्रपदात कापून वाळवू कुठे, आणि ते बरोबरच होते. पाऊस उघडल्याशिवाय गवत वाळत नाही. मी वाट काढली ती अशी की सगळा माळ एकदम कापायचा नाही. उघडीप दिसली की अर्धा एकर, पुन्हा उघडीप, पुन्हा अर्धा. वळचणीला बांबूच्या तिकाटण्यांवर टांगायचे. दोन्ही हातांनी पीळ दिला की काडी कडकन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर अजून ओल आहे. चार बोटे उंच खुंट सोडायचे, कारण गवताची पुढची शिदोरी त्या बुडख्यात असते. स्टायलो मिसळलेले गवत दवात, सकाळीच बांधायचे, दुपारी बांधले तर पाने झडून हातात काड्या राहतात. आणि आग बंद. गोठ्यातले शेण वर्षाआड माळावर न्यायचे. ट्रॅक्टरवाल्याला हे अजून विचित्र वाटते. भरलेली ट्रॉली वर आणि रिकामी खाली, असे तो म्हणतो.

२०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला. कर्नाटकात बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. भाताचे पिंजरही कमी, आणि होते त्याचा भाव ऐकून लोक परत फिरत होते. आमच्या माळावर त्या वर्षी चार गाड्याच निघाल्या. पण ताग-हुलग्याने धरलेल्या मातीत ओल टिकली होती, स्टायलो तर मार्गशीर्षापर्यंत हिरवे होते.

एका सकाळी पेंढ्या बांधत होतो. मागे काठीचा आवाज आला. आण्णा बांधावर उभे होते. साडेतीन वर्षांनी. वय सत्तरीला टेकलेले, चढ चढून दम लागलेला. मी उठलो नाही, काय बोलावे तेही सुचेना. ते सावकाश आत आले, वाकले, एक मूठ गवत उपटायला गेले आणि ते सहज येईना. मग नखाने बुडखा उकरून मुळाकडे बघितले. स्टायलोची एक गाठ फोडली. ती गुलाबी होती. त्यांनाही त्याच सरांनी शिकवले होते, माझ्याआधी सहा वर्षे.

"बैलाला दोन महिन्यांचं कमी पडतंय," ते म्हणाले. "एक गाडी दे. जो भाव असंल तो घे."

"आण्णा, भाव कसला? तुमच्या खाचरात माझी माती आहे की अजून."

ते हसले नाहीत. गंजीपर्यंत गेले, कोपरापर्यंत हात आत घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि बाहेर काढून वासून बघितला.

"थंड आहे," म्हणाले. मग गंजीच्या बुडाकडे काठी दाखवून, "हिकडचे दगड एक हात वर घे. वाळवी लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दगड वर घेतले आणि गंजी पुन्हा रचली. २०२४ च्या कापणीला ते विळा घेऊनच आले. तेव्हा सात गाड्या निघाल्या. उत्तरेकडच्या कोपऱ्यातले अर्धा एकर त्यांनी मला कापू दिले नाही. तिथे पवन्या बी धरून गळू द्यायचा, पुढच्या वर्षासाठी. ते मला सुचले नव्हते.

मुलांच्या चौकोनांत त्या दिवशी जास्तीत जास्त अकरा जातींची रोपे सापडली, कमीत कमी चार. चार सापडली ती नांगराने सर्वांत खोल गेलेल्या जागी. तिथे अजून दगड दिसतो. यंदाची आठवी येईल तेव्हा चौकोन मुद्दाम तिथेच टाकायला सांगणार आहे. येताना जुने मोजे घालून यावे.